साठ कोटी आणि तीन

लोकलमध्ये लटकत, भांडी घासत, जिमच्या ट्रेडमिलवर, जिथं कुठं ऐकत असाल तिथं स्वागत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी हे लिहून ठेवलेलं आहेच. बोलतानाची वाक्यं बरीचशी तशीच ठेवलीत, सांभाळून घ्या.

आजचा विषय माझ्या ऑफिसातून निघाला. मी मूळची सांगलीची, बीटेक तिथंच केलं, आणि गेली पाच वर्षं चेन्नईत ओएमआरवर नोकरी करते. आमच्या टीममध्ये ऐझॉलचा एक मुलगा होता. टेस्टिंगमध्ये एक नंबर. त्यानं मार्चमध्ये पेपर टाकले. मॅनेजरला वाटलं दुसरीकडं जास्त मिळतंय, म्हणून त्यांनी लगेच पगार वाढवायची तयारी दाखवली. हा म्हणाला, पगाराचं नाहीये, मी मिशनवर चाललोय. परदेशात, एका खेड्यातल्या शाळेत शिकवायला. सगळे एकदम गप्प. कुणीतरी हळूच विचारलं, "मिशन म्हणजे ते धर्माचं?" तो म्हणाला, "हो, तेच."

जेवताना मी त्याला सरळ विचारलं, बाबा, तुला नेमकं काय झालं? स्वप्न पडलं, आवाज आला, काय? तो हसला. म्हणाला, "आवाज वगैरे काही नाही. एक प्रश्न आला आणि तो जाईना." आणि मग म्हणाला, "तू वेल्लोरला जाऊन आलीयस ना? आयडा स्कडरची गोष्ट वाच."

मराठी ख्रिस्ती लोकांकडं यासाठी एक छान शब्द आहे. पाचारण. बोलावणं म्हणू शकतो आपण, पण बोलावणं जेवणाचंही येतं. पाचारण म्हटलं की जावं लागतं असं काहीतरी त्यात आहे. मी काही ख्रिस्ती नाही, आणि फारशी देवधर्मातलीही नाही. त्यामुळे मी ही गोष्ट बाहेरूनच वाचली. पण वाचल्यापासून डोक्यातून गेलेली नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

गोष्ट वेल्लोरची असली तरी सुरू होते आपल्या मुंबईत. हे मला अजिबात माहीत नव्हतं.

१८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते. त्यांना परत पाठवायची बरीच खटपट झाली. पण हॉल राहिले, मराठी शिकले, शाळा काढल्या, बायबलच्या भाषांतराला लागले. सॅम्युअल न्यूवेल नावाचे आणखी एक मिशनरी त्यांना येऊन मिळाले. हॉल आणि न्यूवेल या दोघांनी मुंबईत बसून एक पुस्तिका लिहिली, ती १८१८ मध्ये अमेरिकेत छापली गेली. तिच्या नावातच साठ कोटी हा आकडा आहे. जगात साठ कोटी माणसांपर्यंत सुवार्ता पोचलेली नाही, त्यांचा तुमच्यावर हक्क आहे, तुम्ही काय करताय, असा तिचा रोख. आजच्या भाषेत सांगायचं तर मार्केट साइझची स्लाइड. लोक किती, माणसं किती लागतील, खर्च किती येईल. हिशेब मांडलेला.

न्यूवेल १८२१ मध्ये मुंबईत कॉलऱ्यानं गेले. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना कॉलऱ्यानंच गेले. पण तोवर ती पुस्तिका न्यूयॉर्कमध्ये एका पेशंटच्या घरी जाऊन पडली होती. तिथं जॉन स्कडर नावाचा तरुण डॉक्टर व्हिजिटला आलेला. थांबायला लागलं म्हणून त्यानं ती उचलली आणि वाचली. चांगली चालणारी प्रॅक्टिस, लग्न झालेलं, घरात लहान मूल. १८१९ मध्ये हा माणूस सगळं सोडून जहाजात बसला, आधी श्रीलंकेला आणि मग मद्रासला. अमेरिकेतून या भागात आलेला तो पहिला मेडिकल मिशनरी. त्याची मुलंही मिशनरी झाली, नातवंडंही. चार पिढ्यांत या एका घरातली चाळीसच्या वर माणसं मिशनमध्ये गेली.

आता विचार करा. अशा घरात तुम्ही जन्मलात तर तुमचं काय होणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असणार. आपल्याकडं डॉक्टरच्या पोरानं डॉक्टर व्हायचं तसंच.

आयडाला ते नको होतं.

ती जॉन स्कडरच्या सगळ्यात धाकट्या मुलाची मुलगी. जन्म ९ डिसेंबर १८७०, राणीपेटचा, म्हणजे वेल्लोरच्या शेजारीच. लहानपणी तिनं १८७६-७८ चा दुष्काळ पाहिला. भाकरीचा तुकडा स्वतःच्या हातानं तोंडाला न्यायचीही ताकद नसलेली मुलं पाहिली. मग कुटुंब अमेरिकेला गेलं, आणि काही वर्षांनी वडील आणि त्यांच्या पाठोपाठ आई पुन्हा भारतात आले. ही मात्र शिकागोत नातेवाईकांकडं राहिली. आई गेली त्या रात्री ती खूप रडली असं सांगतात. मला तरी तिच्या नकाराचं मूळ इथंच दिसतं. आपल्याला वाटतं मिशनरी म्हणजे त्याग करणारी माणसं. त्यांच्या मुलांनी काय सोडलं याचा हिशेब कुणी मांडत नाही. भारत या देशानं त्या पोरीची आई नेली होती, तेही ऐन वयात येताना.

पुढं ती मॅसेच्युसेट्समध्ये नॉर्थफील्डच्या मुलींच्या शाळेत शिकली. तिथं तिचा बेत पक्का होता. चांगला श्रीमंत नवरा करायचा, अमेरिकेत मजेत राहायचं, आणि स्कडर घराण्यातली मिशनरी न झालेली एक तरी व्यक्ती व्हायचं. १८९० मध्ये आई आजारी पडल्याचं कळलं म्हणून ती आली, फक्त मदतीला. आजच्या भाषेत शॉर्ट टर्म. परत जायचं नक्की होतं.

आईवडील तेव्हा तिंडिवनमला होते. चेन्नईत नोकरी करणाऱ्यांना तिंडिवनम माहीत असतं. शुक्रवारी संध्याकाळी पाँडिचेरीला पळताना समुद्राकडचा रस्ता तुंबला असेल तर जीएसटी रोडनं जायचं, आणि तिंडिवनमला चहा घेऊन डावीकडं वळायचं. मी त्या टपरीवर किमान दहा वेळा थांबले असेन. तिथं काय घडलंय याची मला शून्य कल्पना.

एका रात्री आयडा तिच्या खोलीत होती. दारात एक तरुण ब्राह्मण आला. त्याची बायको अगदी लहान, बाळंतपणात अडलेली. जीव वाचव म्हणाला. आयडा म्हणाली, मला यातलं काही येत नाही, पण माझे वडील डॉक्टर आहेत, ते येतील. तो मागं सरला. परका पुरुष बायकोला बघणार हे त्याला शक्य नव्हतं. तो गेला. वडिलांशी बोलून ती खोलीत येतेय तोच पुन्हा पावलं वाजली. तिला वाटलं तोच परत आला. तर हा मुसलमान होता. त्याचीही बायको अडलेली. त्याचंही उत्तर तेच. आणि त्याच रात्री तिसरा आला, वरच्या जातीतला हिंदू. तीच अडचण, तोच नकार.

सकाळी गावातून मयताची वाजंत्री ऐकू आली. तिनं घरच्या नोकराला चौकशीला पाठवलं. तिघीही गेल्या होत्या.

इथं मी वाचताना थांबले. एक म्हणजे त्या तीन नवऱ्यांचा मला भयंकर राग आला. घरात माणूस मरतंय, बंगल्यात डॉक्टर आहे, आणि तुम्ही नियम बघताय. मग विचार केला, तर ते तिघं रात्रीच्या अंधारात एका परक्या बाईच्या दारात आले होते. ज्यांना काहीच पडलेलं नसतं ते घरीच बसतात. त्यांनी स्वतःच्या चौकटीत जेवढं शक्य होतं तेवढं केलं, आणि चौकट मोडायची हिंमत केली नाही. यात मी त्यांना माफ करतेय असं नाही. पण धर्म वेगळे, जाती वेगळ्या, आणि बाईच्या बाबतीत तिघांचा नियम शब्दशः एकच, हे मात्र बघून ठेवा.

दुसरं म्हणजे आकडा. आजोबांना हलवलं साठ कोटींनी. आयडा ते साठ कोटी ऐकतच मोठी झाली होती. घरात, चर्चमध्ये, शाळेत, सगळीकडं गरज किती मोठी आहे हेच. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. आमच्याकडं डॅशबोर्डवर रोज लाल आकडे दिसतात, महिनाभरात डोळ्यांना सवय होते. पण रात्री दोन वाजता एक माणूस फोन करून म्हणतो माझं पेमेंट अडकलंय, आई आयसीयूत आहे, तेव्हा तुम्ही उठून बसता. आयडाकडं तीन आले. आणि तिघांनी वडिलांना नको, तू ये, असं तिलाच सांगितलं. गरज जगाची होती, पण मागणी नावानिशी तिच्याकडं होती. तिच्याकडं त्या मागणीला द्यायला काहीच नव्हतं.

तिनं रात्रभर आणि सकाळी प्रार्थना केली, आणि आईवडिलांना सांगितलं की मी अमेरिकेला जाऊन डॉक्टर होते आणि परत येते.

आता इथं सिनेमा असता तर पुढच्या सीनला ती स्टेथोस्कोप घालून आली असती. खऱ्या आयुष्यात तिला १९०० साल उजाडलं. मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो आणि तो कुणी नीट सांगत नाही. शिक्षण, पैसे, परीक्षा. १८९५ मध्ये ती फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजमध्ये दाखल झाली.

नाव ओळखीचं वाटतंय? वाटायलाच पाहिजे. आनंदीबाई जोशींचं कॉलेज. आनंदीबाई तिथून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या होत्या, आयडाच्या नऊ वर्षं आधी. त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं, कारण वेळेवर उपचार मिळाले नाहीत. १८८३ मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, त्यांनी भर सभेत सांगितलं होतं की भारतात बायकांसाठी हिंदू बायकाच डॉक्टर हव्यात, आणि मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. परत आल्या आणि १८८७ मध्ये पुण्यात गेल्या. बावीसाव्या वर्षाच्याही आत. म्हणजे तोच प्रश्न, तेच कॉलेज. एक मुलगी कल्याणहून तिकडं गेली, दुसरी तिकडून तिंडिवनमला आली. एकीला पाचारण म्हणायचं आणि दुसरीला जिद्द, हे मला जरा अन्यायाचं वाटतं. शब्द कुणाला कुठला मिळतो हे कुठल्या घरात जन्मलात त्यावर ठरतं.

असो. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉर्नेल मेडिकल कॉलेजनं मुलींना घ्यायला सुरुवात केली, तेव्हा आयडा तिकडं गेली आणि १८९९ मध्ये डॉक्टर झाली. मुली असलेली ती पहिलीच बॅच. निघायच्या आधी मिशननं तिला एक काम दिलं. वेल्लोरला बायकांसाठी दवाखाना बांधायचाय, आठ हजार डॉलर जमवून आण. जहाजाची तारीख जवळ आलेली, आणि पैसे काही जमेनात. एका बाईंच्या घरी ती ही सगळी हकीकत सांगत होती. शेजारच्या खोलीत त्यांचे नातेवाईक बसले होते, वयस्कर बँकर. त्यांनी भिंतीआडून सगळं ऐकलं आणि दहा हजार डॉलर दिले. अट एकच, हॉस्पिटलला त्यांच्या वारलेल्या पत्नीचं नाव द्यायचं. मेरी टेबर शेल. १९०२ मध्ये चाळीस खाटांचं हॉस्पिटल त्या नावानं उघडलं. न्यूयॉर्कच्या बाईचं नाव इमारतीवर लागलं. तिंडिवनमच्या तिघी मात्र गोष्टीत आजही नुसत्या 'तिघी' आहेत.

१९०० च्या सुरुवातीला ती पोचली, आणि मे महिन्यात वडील कॅन्सरनं गेले. ज्यांच्या हाताखाली शिकायचं होतं तेच नाहीत. एका खाटेवर दवाखाना सुरू झाला. नवखी डॉक्टर, तीही बाई, आधी कुणी फिरकेना. मग एक आली, तिनं दुसरीला सांगितलं, आणि दोन वर्षांत हजारोंनी पेशंट झाले. पुढं दर आठवड्याला ठरलेल्या वारी ती गावोगाव निघायची. ठरलेल्या झाडाखाली गाडी थांबायची, लोक रांगेत उभेच. आधी बैलगाडीनं जायची, मग प्यूजो मोटार आली. ती पहिल्यांदा बघून लोक भूत आलं म्हणून पळाले होते.

आता तुमच्यातल्या काहींच्या मनात जो प्रश्न आहे तो मलाही होता. औषधाबरोबर बायबल द्यायची का? हो. लपवाछपवी काहीच नव्हती. तिच्याबरोबर अ‍ॅनी हॅनकॉक नावाची मैत्रीण आली होती, तिचं कामच घराघरात जाऊन बायकांना येशूबद्दल सांगणं. आयडासाठी दवाखाना आणि सुवार्ता हे दोन विभाग नव्हतेच. आजारी माणसाला आपण नाही म्हणायच्या स्थितीत नसतो, त्यामुळे अशा वेळी धर्म सांगणं मला आजही खटकतं. हे माझं मत आहे आणि ते मी बदललेलं नाही. पण याच्या जोडीला दुसरीही गोष्ट आहे. माझी आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये जन्मली. कॅनडाहून आलेल्या वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये उभं केलेलं ते हॉस्पिटल. आजीची केस अवघड होती. माझी आजी शेवटपर्यंत गणपतीची पूजा करत होती आणि शेवटपर्यंत 'मिशनच्या सिस्टर'चं नाव घेत होती. तिला यात काही विसंगती वाटली नाही. आपण ट्विटरवर ज्याच्यावर भांडतो ते तिनं घरात सहज मिटवलं होतं.

मी वेल्लोरला गेले होते ते एका मैत्रिणीच्या वडिलांबरोबर. काटपाडीला उतरायचं, तिथून रिक्षा. हॉस्पिटलच्या समोरच्या गल्ल्यांत पाट्या बंगालीत. लॉजवर बंगाली, खानावळीत माशाचं कालवण. आसाम, झारखंडहून दोन-दोन दिवस प्रवास करून माणसं आलेली. रांगेत कुणी कुणाला धर्म विचारत नव्हतं, टोकन नंबर विचारत होतं.

पण हॉस्पिटल ही तिची खरी करामत नाही असं मला वाटतं. तिला लवकरच कळलं की एकटी आयडा किती दारांना पुरणार? त्या रात्री दारात तीन आले होते, एकाच गावातले. मग तिनं मुलींसाठी मेडिकल स्कूल काढायचं ठरवलं. मद्रास सरकारच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं चेष्टाच केली, की तीन मुली मिळाल्या तरी सुरू करा. अर्ज आले १५१. १९१८ मध्ये शाळा सुरू झाली. इमारती अपुऱ्या, शिकवायला माणसं कमी, पुस्तकं मोजकी. पहिल्या परीक्षेच्या वेळीही तिला सांगून ठेवलं होतं, फार आशा धरू नका, मुलगेच इतके नापास होतात. चौदा जणी बसल्या. चौदाही पास.

मग अर्ज, इमारती, सरकारी नियम हे चालूच राहिलं. १९३८ मध्ये सरकारनं नियम बदलले. जुना डिप्लोमा चालणार नाही, पूर्ण एमबीबीएसच हवं. शाळा बंद पडायची वेळ आली. सत्तरी ओलांडलेली ही बाई महायुद्धाच्या धामधुमीत अमेरिकेत गावोगाव फिरून पैसे मागत होती. पैसे यावेत म्हणून मुलांनाही प्रवेश द्यावा लागणार होता, आणि बायकांचं कॉलेज म्हणून ज्या बायकांनी आयुष्यभर देणग्या दिल्या त्यातल्या काही जणी तिच्यावर नाराज झाल्या. १९४७ मध्ये मुलगे आले. पुढं कारभार हिल्डा लाझारस यांच्याकडं गेला. विशाखापट्टणमच्या, स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि त्या पदावरच्या पहिल्या भारतीय.

आयडा स्कडर मे १९६० मध्ये कोडाईकनालला गेली, नव्वदीला काही महिने कमी असताना. श्रीमंत नवरा काही केला नाही. अमेरिकेतही राहिली नाही. राणीपेटला जन्मली आणि तिथून काही तासांच्या अंतरावर वारली. परदेशात मिशनवर आली असं आपण म्हणतो खरं, पण तिच्यासाठी परदेश नक्की कुठला होता हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चला, वेळ बराच झाला. पुढच्या भागात गॉर्डन हॉल आणि नाशिकच्या वाटेवरचा तो शेवटचा दौरा. आणि तुमच्या घरात मिरज मिशनची, किंवा अशाच एखाद्या दवाखान्याची, आजी-पणजीनं सांगितलेली आठवण असेल तर व्हॉइस नोट पाठवा. चांगली असो, कडू असो, दोन्ही चालेल. मी लावेन.